एका कपाचं माप

६ मार्च

भिंगरीबाईस,
वाळक्या काकाकडून ताजा आशीर्वाद.

तू परत गेल्याला आठवडा झाला. पहिले दोन दिवस घरात तुझा आवाज राहिला होता. तू सोफ्याची दिशा बदलून गेलीस ना, तिथे ठेचकाळलो की तू हसल्यासारखं वाटायचं. मग सोफा पुन्हा होता तसा लावला आणि घर गप्प झालं.

काल फोनवर तू बरंच बोललीस. मी 'हो हो' म्हणत राहिलो, कारण अर्धं कानात शिरलं आणि अर्धं कानावरून गेलं. म्हणून हे पत्र. पत्र कितीही हळू वाचलं तरी ते 'काय म्हणालात?' असं विचारत नाही. आणि तुझा काका जन्मभर कागदावरच जगलेला माणूस. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात माझी नोकरी गेली. तिसरीच्या पुस्तकातल्या कविता पोरांच्या आधी मला पाठ व्हायच्या.

आता मुद्द्याचं. तुझी कॉफी केली.

तू इथे असताना कृती सांगत होतीस तेव्हा मी मान डोलावत होतो, पण खरं सांगू का? ऐकत नव्हतो, बघत होतो. समजावून सांगताना तू मान तिरकी करतेस, अगदी तुझ्या बापासारखी. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली आणि माझ्या स्वयंपाकघरात तो येऊन कॉफी शिकवतोय, असं वाटत राहिलं. त्यामुळे भरड कॉफी, गार पाणी, ऑलिव्हचं तेल एवढंच लक्षात राहिलं, आधी काय आणि नंतर काय हे राहिलं नाही. म्हटलं, त्यात काय विचारायचं? काकू गेल्यावर चूल माझ्या गळ्यात पडली, तेव्हा शेजारणीने पहिला धडा दिला होता: आधी तेल. मग बाकीचं.

तेव्हा बरणीत आधी तेल ओतलं. त्यात कॉफी घातली, छान परतल्यासारखी केली, मग पाणी. आणि बरणी रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी बघतो तर पाणी जसंच्या तसं, जरा पिवळट. वर तेलात माखलेली कॉफी अशी बसलेली, जणू पाण्याशी तिचं भांडण आहे. पाणी विचारतंय, ती तोंड फिरवते आहे. मी ते प्यायलो. टाकून देणं जमलं नाही. चव कशी होती हे लिहीत नाही, तू जेवायला बसली असशील.

आपला करार मात्र लक्षात आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर मला काट्यावर उभं करणार. काटा खाली गेला तर मी बिऱ्हाड गुंडाळून तुमच्याकडे यायचं. टिकला किंवा वर गेला तर तू पुन्हा तो विषय काढायचा नाहीस. मला जिंकायचं आहे, बरं का. तुझ्या घराचा राग नाही. पण दोघांच्या संसारात तिसरा म्हातारा म्हणजे पुस्तकात चुकून शिवलेलं दुसऱ्या पुस्तकाचं पान. वाचणाराही अडखळतो, पानही अवघडतं.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांनी दोन ओळी लिहिल्या तर माझं काही बिघडणार नाही.

आणि एक. बसच्या पायरीवर तू काहीतरी बोलायला थांबली होतीस. मग म्हणालीस, "तेल रोज घ्या हं." एवढ्यासाठी माणूस पायरीवर थांबतो का गं?

तुझा
काका

१४ मार्च

काका,
वाकून नमस्कार. मान अवघडली आहे म्हणून अर्धाच.

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि फसले. समोर एक आजी अक्षरांच्या तक्त्यासमोर एक डोळा झाकून बसल्या होत्या, मी त्यांना भिंग लावत होते, आणि मला 'पाण्याशी भांडण' आठवून हसू फुटलं. त्यांना वाटलं, त्यांनी अक्षर चुकीचं वाचलं. बिचाऱ्यांनी घाबरून सगळा तक्ता पुन्हा म्हणून दाखवला. मालकांनी माझ्याकडे जे बघितलं ते कुठल्याही चष्म्याशिवाय स्पष्ट दिसलं.

काका, कॉफी परततात का? धन्य आहे तुमची!

आता नीट वाचा, बघत बसू नका. मी रोज करते तसं सांगते. जॅमची रिकामी बरणी घ्यायची. त्यात तीन चमचे भरड कॉफी आणि वर कपभर गार पाणी. एकदा ढवळायचं, झाकायचं, संध्याकाळी फ्रीजमध्ये ठेवायचं आणि विसरून जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ सुती फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही, पिळलं की कडू होते. गार पाण्यात मुरलेली कॉफी पोटाला जाळत नाही, म्हणून तुम्हाला ती. तेल आत्ता, सगळ्यात शेवटी. गाळलेल्या कॉफीत चार चमचे दूध आणि एक छोटा चमचा तेल घालायचं, झाकण गच्च लावायचं आणि बरणी हलवायची. नुसती नाही, जीव खाऊन हलवायची. गरम कॉफीत तेल लवकर मिसळतं, गार कॉफीत ते मुळीच ऐकत नाही. दूध असलं की जरा धरतं. वर फेस आला की लगेच प्यायचं, बघत बसलात तर तेल परत वर येऊन बसतं.

डॉक्टर म्हणाले ना, जेवण जात नाही तर चांगलं तेल तरी पोटात जाऊ दे. मग जाऊ दे की.

इकडे सगळं ठीक. तो कामात असतो, फिरतीवर. तुमचा आशीर्वाद पोचवते. पायरीवर मी काहीच बोलायला थांबले नव्हते. पर्सचा पट्टा अडकला होता.

करार मी जिंकणार.

तुमची
भिंगरी

२ एप्रिल

भिंगरीबाईस,
कॉफीबहाद्दर काकाचे आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. अक्षर वाकडं दिसेल. पेन बदललं आहे, त्याची निब अजून हाताला सरावलेली नाही. जुनं पेन हरवलं.

कॉफी जमली! तुझ्या सांगण्याबरहुकूम संध्याकाळी बरणी ठेवली. तू म्हणालीस विसरून जा. विसरणं माझ्या हातात असतं तर काय पाहिजे होतं! दर थोड्या वेळाने फ्रीज उघडून बघत होतो. पाणी आधी चहासारखं झालं, मग लाकडासारखं, मग मध्यरात्रीसारखं. आणि एकदम ती कविता आठवली. तिसरीच्या पुस्तकात होती, तू स्टुलावर उभी राहून म्हणायचीस:

पाण्याला ना घाई काही, काठाला ना घाई,
बघता बघता गोटा झाला मऊ, जशी का साई.

विज्ञानाच्या पुस्तकाचे संपादक माझ्याशी भांडले होते, दगड मऊ कसा होईल म्हणून. मी म्हटलं, अहो, हात लावून बघा, मग बोला. पुढचं कडवं काही केल्या आठवत नाही. पोरांना शिकवलेलं आपल्याला आठवू नये, यासारखं म्हातारपण नाही. तुला येतं का?

हलवण्याच्या बाबतीत थोडा फरक केला आहे. बरणी हलवत नाही. कपात घेऊन काट्याने घोटतो. तेल जरा वर तरंगतं, पण आपण त्याच्याकडे बघायचं नाही.

आज वरच्या मजल्यावरची शिंपीण आली होती. सहज. आलीच होती म्हणून बरणीचं झाकण तिने उघडून दिलं. तिलाही अर्धा कप दिला. एक घोट घेतला, थांबली, आणि म्हणाली, "भाऊ, हे तेल वाया घालवू नका. माझ्या मशिनीला द्या, महिनाभर कुरकुरणार नाही." तरी कप रिकामा करून गेली. जाताना म्हणाली, "उद्या पण करणार का?"

तेलाची बाटली अंदाजापेक्षा लवकर संपली. नवी आणली आहे. चिंता नको.

जावईबापू फिरतीहून आले का?

काका

१२ एप्रिल

काका,
नमस्कार, आणि दटावणी.

काट्याने? मी एवढं घसा फोडून लिहिलं, जीव खाऊन हलवा, आणि तुम्ही काट्याने घोटता? तेल वर तरंगलं की पहिल्याच घोटाला सगळं तेल ओठांना लागतं आणि खाली नुसती कॉफी राहते. म्हणून शिंपीणबाईंना मशीन आठवलं. त्यांना माझा नमस्कार सांगा. बाई हुशार दिसतात.

आणि बाटली कशी काय संपली? रोज एक छोटा चमचा सांगितला होता, अंघोळीला नाही.

दुकानात सध्या गर्दी आहे, परीक्षा संपल्या की पोरांचे चष्मे. एका मुलीला पहिल्यांदा चष्मा घातला, तर ती रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघून म्हणाली, "पानं सुटी सुटी असतात?" मला तुमची आठवण आली. तुम्ही असता तर तिला कविता म्हणून दाखवली असती आणि मालकांनी आम्हा दोघांना बाहेर काढलं असतं.

कविता मला तेवढीच येते जेवढी तुम्हाला. पुढचं कडवं तुम्हीच कधी शिकवलं नाहीत, स्टुलावरून उतरवायचात.

घरी आले की सहा वाजतात. बरणी भरून ठेवते. सकाळी उठायला तेवढं एक कारण असतं, कोणीतरी आत काहीतरी तयार करून ठेवल्यासारखं. तो मजेत. तुमचा आशीर्वाद सांगितला.

झाकण शिंपीणबाईंनी का उघडलं?

भिंगरी

२० एप्रिल

भिंगरी,

आज विशेषण नको. साधाच आशीर्वाद घे.

झाकणाचं काय, घट्ट बसतं. म्हातारपणी झाकणं घट्ट होतात आणि बटणं लहान. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझं मार्चमधलं पत्र काल पुन्हा काढलं. कृती तपासायला काढलं होतं, पण माझी खोड तुला माहीत आहे. मी पहिल्यांदा वाचतो ते अर्थासाठी, दुसऱ्यांदा वाचतो ते काय राहिलंय ते बघण्यासाठी. छापखान्यात असंच शिकवलं होतं.

काकू गेली तेव्हा मला रडायला वेळ लागला. आधी माप चुकायला लागलं. भात दोघांचा व्हायचा. मी मूठ निम्मी केली, तरी दोघांचाच व्हायचा, कारण मूठ तिची सवय धरून बसली होती. आणि काही गोष्टी निम्म्या होतच नाहीत. एका अंड्याचं निम्मं काय करायचं? मग हळूहळू भांडी बदलली. मोठं पातेलं वर गेलं, छोटं खाली आलं. माळ्यावर गेलेल्या पातेल्याकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की ती परत येणार नाही. आता एकाचं माप हाताला इतकं बसलं आहे की शिंपीण आली तर दुसऱ्या कपासाठी मला विचार करावा लागतो.

तू मला आणून दिलेली बरणी मोठी होती, दोघांच्या दोन दिवसांची. तुझ्या घरी तशीच आहे म्हणाली होतीस, लग्नात आलेली जोडी. पण तू लिहितेस जॅमची बरणी. तीन चमचे. कपभर पाणी. 'मी रोज करते तसं' म्हणून लिहिलंस. भिंगरे, जॅमच्या बरणीत दोघांची कॉफी होत नाही. आणि त्याला तर तुझ्यापेक्षा कॉफीचं वेड. लग्नात पंगत सोडून कॉफी शोधत फिरत होता, त्याचे फोटो आहेत.

फिरतीवरचा माणूस कधीतरी घरी येतो. मोठी बरणी कधीतरी खाली निघते. तुझ्या दोन्ही पत्रांत ती कुठे दिसली नाही.

मी चुकत असेन तर हस आणि सोडून दे. बरोबर असेन तरी उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. फक्त मला पत्रात 'सगळं ठीक' लिहू नकोस. ते दोन शब्द मी आयुष्यभर मार्जिनमध्ये लिहीत आलोय, पान न वाचता पुढे ढकलायचं असलं की.

काका

९ मे

भिंगरी,

तुझं पत्र नाही. फोन लावला तर वाजत राहतो. दुकानात लावला, मालक म्हणाले कामावर येते, बरी आहे. तेवढ्यावर झोपलो.

मी नको तिथे बोट ठेवलं. तपासनिसाने चूक दाखवायची असते हे खरं, पण लेखकाला विचारून. मी विचारलं नाही.

इथे उकाडा आहे. रस्त्यावरचे कुत्रे दुकानांच्या पायऱ्यांवर सावली बघून आडवे होतात, मालकाने हाकललं की शेजारच्या पायरीवर. काल चुकून दोन कपांची कॉफी केली. शिंपीण गावाला गेली आहे. दुसरा कप संध्याकाळपर्यंत टेबलावर होता. तेल वर आलं होतं, त्यात खिडकी दिसत होती.

काही लिहू नकोस हवं तर. नुसतं पाकीट पाठव, त्यावर माझं नाव तुझ्या अक्षरात असलं की पुरे.

काका

१८ मे

काका,

पाकीट रिकामं पाठवणार होते. मग वाटलं, तुम्ही त्यातही काय राहिलंय ते वाचाल.

तो डिसेंबरमध्ये गेला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एके दिवशी म्हणाला की त्याला इथे राहवत नाही, आणि बॅग भरली. मी त्याचे मोजे शोधून दिले. विचार करा काका, मी मोजे शोधून दिले! दोघांचे मित्र होते ते आधी खूप फोन करायचे, मग कोणाला काय बोलावं कळेना, मग थांबले. मोठी बरणी तुम्ही म्हणता तशीच वर गेली आहे. तुम्ही लिहिलंत ते मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं, जिथे काचा घासतात. यंत्र चालू होतं म्हणून बरं झालं, कोणाला ऐकू गेलं नाही.

फेब्रुवारीत मी तेच सांगायला आले होते. दारात तुम्ही दिसलात, सदऱ्यात दोन माणसं मावतील असे, आणि मला तोंड उघडवेना. मग डॉक्टर आणि कॉफी आणि तेल. मी त्या तेलावर इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी मलाच वाटलं, मी तेवढ्यासाठीच आले आहे. पायरीवर थांबले होते. पट्टा अडकला नव्हता.

आणि तुम्हाला इकडे न्यायचं होतं तेही खरं. पण तुम्ही म्हणायचात, दोघांच्या संसारात तिसरा नको. आता काय सांगणार होते? की या, दुसरी जागा रिकामी आहे? मग तुम्ही माझी कीव करून आला असतात. तसं मला नको होतं. आजही नको आहे. दुकानात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, तेवढं पुरे.

आता माझी पाळी.

मीही तुमची पत्रं पुन्हा काढली. तपासायला तुमच्याकडूनच शिकले आहे. ६ मार्चचं पत्र स्वच्छ. २ एप्रिलपासून प्रत्येक ओळीवरून शाई फरफटलेली, डावीकडून उजवीकडे. नव्या निबेने असं होत नाही, काका. लिहिणाऱ्याचा हात ओल्या अक्षरावरून पुढे गेला की होतं. आमच्याकडे डावखुरे लोक फॉर्म भरतात ना, त्यांचे फॉर्म अगदी असे दिसतात. तुम्ही तर उजव्या हाताचे. वर झाकण उघडत नाही. बरणी हलवत नाही. काटा. आणि बाटली लवकर संपते.

हाताला काय झालंय? आणि 'सगळं ठीक' चालणार नाही. हे तुमचंच म्हणणं.

भिंगरी

४ जून

माझ्या भिंगरीस,

पत्र सावकाश लिहितोय, ब्लॉटिंग पेपर हाताखाली घेऊन. आता लपवायचं काही नाही, पण तुझ्या डोळ्यांपुढे स्वच्छ पान ठेवावं असं वाटलं.

तुझं मार्चचं पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बरणी हलवली. जीव खाऊन. झाकण नीट बसलं नव्हतं. कॉफी, दूध, तेल, सगळं फरशीवर, आणि धक्क्याने टेबलावरची बाटलीही आडवी झाली. पुसलं. मला वाटलं, पुसलं गेलं. पण तेल फरशीवर पुसल्यावर जास्त शांतपणे बसतं. संध्याकाळी पाणी प्यायला गेलो आणि उजव्या मनगटावर पडलो. हाड मोडलं. पट्टी आता निघाली आहे, बोटं हलतात, पण पिळायला आणि पकडायला जोर नाही. शिंपीण एप्रिलमध्ये लिहिलं तशी सहज येत नव्हती. मी पडलो तेव्हा तिने वरून आवाज ऐकला होता. दवाखान्यात तीच घेऊन गेली आणि वाटभर मला म्हणत होती, "सांगितलं होतं ना, मशिनीला द्या." सांगितलं नव्हतंच तेव्हा. पण मी वाद घातला नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, माझ्या तेलाने झालं. आणि मला उचलून नेलं असतंस. कीव तुला नको, तशी मलाही नको होती. बघ, एकाच घराण्यातले आपण.

तुझं पत्र मी उशाशी ठेवलं होतं. त्यावर शहाणपणाचं काही लिहीन म्हणून दहा कागद फाडले. मोजे शोधून दिलेस ते मात्र मला चुकीचं वाटलं नाही. तू कोणाला अनवाणी जाऊ दिलं नसतंस. तेवढंच.

काल डॉक्टरांकडे गेलो. मनात पाप होतं. सर्वांत जड बूट घातले होते, खिशात घरातल्या सगळ्या किल्ल्या. डॉक्टरांनी बूट काढायला लावले. मग हसून खिसेही रिकामे करायला लावले. आणि तरी काटा वर गेला, भिंगरे. थोडासाच, पण वर. त्यांनी विचारलं, काय खाता? मी म्हटलं, पुतणीचं बोलणं.

म्हणजे करार मी जिंकलो. ठरल्याप्रमाणे तू आता तो विषय काढायचा नाहीस.

म्हणून मीच काढतो. बारा तारखेच्या बसने येतो आहे. हरलो असतो तर आलो नसतो. हरलेला माणूस सामानासारखा येतो, कोणीतरी उचलून ठेवायचा. जिंकलेला स्वतःच्या पायांनी येतो आणि हवं तेव्हा परत जातो. किल्ली शिंपिणीकडे ठेवतो आहे, घर मोडत नाही. पावसाळाभर राहीन, पुढचं पुढे. कीव अजिबात करणार नाही, शब्द देतो. उलट तक्रारी करीन. तुझा सोफा कुठे आहे ते बघून मीही त्याची दिशा बदलीन.

मला झाकण उघडायला कोणीतरी हवं आहे. सरळ सांगायचं तर एवढंच आहे. रोज सकाळी घट्ट बरणी घेऊन वरच्या मजल्याच्या जिन्याकडे बघत उभं राहणं मला जड जातं, हातापेक्षा जास्त.

शिंपिणीला सांगितलं तेव्हा ती मशीन थांबवून म्हणाली, "मग आता मला कॉफी कोण देणार?" मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. मोठी बरणी तिला दिली. तुझी आहेच ना माळ्यावर. खाली काढ.

काका

१२ जून

काका,

ही चिठ्ठी किल्लीबरोबर खालच्या चांभारांकडे ठेवली आहे. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिन्याखाली बसतात. तुम्हाला ओळखतील, मी वर्णन दिलंय: सदरा मोठा, माणूस लहान, ओठांत कविता.

मालकांनी आज सुट्टी दिली नाही. मुद्दाम नाही, खरंच गर्दी आहे. तुमची बस दुपारी पोचते आणि मी सहाला. म्हणजे दार तुम्ही उघडाल आणि घरात कोणी नसेल. मला त्याचीच काळजी वाटते आहे. रिकाम्या घरात शिरायचं तुम्हाला नको झालं असेल, मला माहीत आहे. मी सहा महिने रोज तेच करते. एक युक्ती सांगते: दार उघडल्यावर लगेच दिवा लावू नका. आधी रेडिओ लावा, दाराशेजारीच आहे. मग दिवा. मग कोणी नाही हे जरा उशिरा कळतं.

जिन्याला कठडा डाव्या बाजूला आहे, तुम्हाला सोयीचा. स्वयंपाकघराची फरशी मी स्वतः घासली आहे, साबणाने, दोनदा. तिथे तेलाचा थेंबही नाही. चालून बघा हवं तर.

मोठी बरणी काल खाली काढली. धूळ होती. धुतली, पुसली, आणि मग कॉफीची पिशवी हातात घेऊन उभी राहिले. दोघांचं माप आठवेना. हसू नका. तीनाचे सहा चमचे, कपाचे दोन कप, एवढं साधं. पण हात तिथे जाईना. शेवटी अंदाजाने घातलं. पाणी जास्त झालं असेल, कॉफी पातळ लागेल. लागू दे. उद्या सुधारू.

फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे. गाळून ठेवली आहे, फडकं पिळलेलं नाही. तेल घातलेलं नाही, ते मी आल्यावर. हलवायचं काम माझं, तुम्ही नुसते कप धरा. पण प्रवासातून याल, तहान लागली असेल, तर माझी वाट बघू नका, तशीच थोडी घ्या.

झाकण सैल ठेवलंय.

भिंगरी